मागच्या खोलीत झोप छान लागते

घर विकणं ही काही मोठी गोष्ट नाही, असं मी बायकोला चहा पिता पिता सांगितलं, तेव्हा माझा स्वतःवर पूर्ण विश्वास होता. बावीस वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस मी. लोकांचे प्लॉट, कुंपणं, सामाईक भिंती, भावाभावांच्या वाटण्या, सगळं फीत लावून मोजलंय. माझ्या फितीपुढे दोन भाऊ गप्प बसतात, तिथे एक गिऱ्हाईक काय चीज आहे?

"एक महिना," मी म्हणालो. "फार तर सव्वा."

बायकोने नुसतं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या कठड्यावर 'विकणे आहे' अशी पाटी होती. लावली तेव्हा तिची अक्षरं लालभडक होती, आता ती फिकट गुलाबी झाली होती आणि पहिल्या अक्षरावर वेल चढून नुसतं 'कणे आहे' एवढंच उरलं होतं.

आमच्या भागात घरं विकली जात नाहीत, मुरतात. माणसं येतात, नळ सोडून बघतात, भिंतीवर बोटांनी टकटक करतात, 'कळवतो' म्हणतात आणि जातात. त्यांची मुलं शाळेतून कॉलेजात जातात, कॉलेजातून नोकरीला लागतात, तरी कळवत नाहीत.

मला मात्र खरोखरच घाई होती. कारण आई.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. आठ महिन्यांपूर्वी आईच्या दोन्ही गुडघ्यांनी एकाच दिवशी संप पुकारला आणि तेव्हापासून ती खाली उतरलेली नव्हती. तिने एकदाही तक्रार केली नाही. दुपारी मागच्या खोलीच्या खिडकीशी बसून ती फक्त विचारायची, "खाली माती ओली आहे का रे?" आणि मी ऑफिसला जाताना पाहिलेली माती आठवून काहीतरी उत्तर द्यायचो. कधी ओली, कधी कोरडी. तेवढ्यावर तिची दुपार जायची.

दोन गल्ल्या सोडून एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांचं तळमजल्यावरचं घर विकायला होतं. घर लहानच, पण मागे थोडी मोकळी माती आणि तिच्यात एक पेरूचं झाड. मी आईला मोबाइलवर फोटो दाखवला. तिने तो नाकाशी धरून इतका वेळ पाहिला, की स्क्रीन दोनदा काळी झाली. मग म्हणाली, "मला इथंच ठेवा."

मास्तर भले माणूस. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले. पण त्यानंतर मात्र ते घर एका टायरवाल्याला जाणार होतं. तो पेरू तोडून तिथे जुने टायर रचणार होता.

म्हणजे आमचं घर विकलं जाईपर्यंत पेरूचं झाड माझ्या जिवावर उभं होतं.

जाहिरात मी स्वतः लिहिली. हॉल इतके फूट इतके इंच, स्वयंपाकघर इतकं, भिंतीची जाडी इतकी, दोन खिडक्यांमधलं अंतर सुद्धा. असली काटेकोर जाहिरात आमच्या भागात कधी कुणी दिली नसेल. तीन आठवड्यांत एकच फोन आला. तो एका गवंड्याचा होता आणि भिंतीची जाडी चुकली आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं.

महिना संपायला आठ दिवस उरले, तेव्हा बायको म्हणाली की माणसाला राहावंसं वाटेल असं काहीतरी लिहा. काय लिहू, म्हणून मी पेन घेऊन बसलो. तासभर काही सुचेना. शेवटी मागच्या खोलीतून आईचा आवाज आला.

"लिही, की मागच्या खोलीत झोप छान लागते."

यात खोटं काहीच नव्हतं. त्या खोलीत दुपारी पश्चिमेकडून एक झुळूक येते. ती कुठून येते ते मला फीत लावूनही सापडलेलं नाही. पडदा आधी पोट फुगवतो, मग हळूच सोडतो, पुन्हा फुगवतो, आणि बघता बघता आपला श्वास त्या पडद्याच्या तालावर चालायला लागतो. मी कित्येक रविवार तिथे 'जरा पाठ टेकतो' म्हणून गेलोय आणि दिवे लागल्यावर बाहेर आलोय.

मी ते एक वाक्य लिहिलं. मापं सगळी काढून टाकली. काढताना जीव तुटला, पण काढली.

शनिवारी अकरा फोन आले!

रविवारी दुपारी दीडला पहिलं जोडपं आलं. तो लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर. डोळे लाल, दाढी वाढलेली, चालताना सुद्धा हात स्टिअरिंगवर असल्यासारखे किंचित वर. त्याची बायको बारीक, चटपटीत. तिने हॉल पाहिला, नळ पाहिला, पण त्याने कशाकडेच पाहिलं नाही. त्याने फक्त विचारलं, "ती मागची खोली कुठली?"

आई तेव्हा स्वयंपाकघरात बायकोबरोबर वाटाणे सोलत बसली होती. खोली रिकामी होती. ड्रायव्हर आईच्या कॉटसमोर उभा राहिला, त्याने पडद्याकडे पाहिलं, आणि मला फार संकोचाने विचारलं की जरा टेकलं तर चालेल का, म्हणजे जाहिरातीतलं खरं-खोटं कळेल. मी म्हटलं, अवश्य. सगळ्या वस्तूंची तपासणी व्हावी, या मताचा मी आहे.

तो आडवा झाला. उजेड नको म्हणून त्याने आईची पांढरी चादर डोक्यावरून ओढली. पडदा एकदा फुगला, एकदा सुटला, आणि ड्रायव्हर गेला. म्हणजे झोपला.

त्याची बायको कॉटच्या उशाशी स्टुलावर बसली. तिने दोन बोटं ओठांवर ठेवून मला खूण केली. मग माझ्या कानाजवळ तोंड आणून कुजबुजली, की सहा दिवस यांच्या डोळ्याला डोळा नाही. दिवसा झोपायला जावं तर आमच्या घराखाली पत्रे ठोकण्याचं दुकान. तुमचे उपकार होतील, उठवू नका.

मी काय उठवतो? महिनाभरातलं पहिलं खरं गिऱ्हाईक माझ्या घरात पाय पसरून झोपलं होतं. बायकोने दाराची घंटा बंद केली आणि दार नुसतं लोटून ठेवलं. कुकरची शिटी काढून ठेवली. आई वाटाणे टाकायची ते सुद्धा फडक्यावर टाकायला लागली.

दोन वाजता एक मुख्याध्यापिका आल्या. त्यांना भावासाठी घर हवं होतं. मी त्यांना सगळं घर कुजबुजत दाखवलं. एरवी भरल्या शाळेवर आवाज चढवणाऱ्या त्या बाई, पण थोड्या वेळाने त्याही कुजबुजायला लागल्या. मागची खोली दारातूनच दाखवली. चादरीखालची आकृती बघून त्यांनी विचारलं, हे घराबरोबर मिळणार आहेत का? मी म्हटलं, नाही, ते तुमचे स्पर्धक आहेत. त्यांना काय ऐकू आलं देव जाणे, त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. मग हॉलमधल्या आरामखुर्चीत पाच मिनिटं बसते म्हणाल्या, चष्मा काढला, रुमाल डोळ्यांवर ठेवला, आणि त्यांचीही मान कलली.

त्यानंतर आणखी तिघं आले. एक जण सोफ्यावर पेंगला, दोघे भिंतीला टेकून खाली बसले. झुळूक आता हॉलपर्यंत यायला लागली होती. दुपार अशी काही दाटली होती, की घड्याळाचा काटा सुद्धा पुढे जायला कंटाळलेला दिसत होता. मी मधोमध उभा राहून माझं घर बघत होतो. बावीस वर्षांत मी असं कधीच पाहिलं नव्हतं. कुणी मापं विचारत नव्हतं, कुणी भाव पाडत नव्हतं. सगळी अनोळखी माणसं माझ्या घरात विश्वासाने डोळे मिटून बसली होती. मला उगाचच भरून आलं.

माझे डोळे नेमके ओले होते, तेव्हाच दार हळूच ढकलून सोसायटीचे सेक्रेटरी आत आले.

त्यांना काय दिसलं, ते आता सांगतो. दाराबाहेर आठ जोड चपला-बूट. आत चिडीचूप. आरामखुर्चीत एक बाई डोळ्यांना रुमाल लावलेल्या. भिंतीशी माना खाली घालून बसलेली माणसं. मागच्या खोलीत, आईच्या कॉटवर, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर, उशाशी एक बाई निश्चल. आणि डोळे पुसणारा मी. त्यात आईला आठ महिन्यांत इमारतीतल्या कुणी पाहिलेलं नव्हतं.

ते थबकले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाले, "कधी?"

मला वाटलं, घर कधी सोडणार असं विचारताहेत. "ठरलं की लगेच. आजसुद्धा."

"फार त्रास झाला का हो आईंना?"

"त्रास तर आठ महिने चाललाच होता. आता सुटेल बिचारी. तिचीच किती दिवसांची इच्छा होती जायची."

सेक्रेटरींनी खिशातून रुमाल काढला. पुढची व्यवस्था काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की जागा केव्हाच बघून ठेवलीय. छोटीच आहे, पण माती आहे, वर पेरूची सावली आहे.

"फोटो दाखवला तर म्हणाली, मला इथंच ठेवा."

"स्वतः निवडली?"

"स्वतः. आणि मापं मी जातीने घेतली आहेत. बरोबर बसते."

बसते ते आईच्या कॉटबद्दल. सेक्रेटरी माझ्याकडे बघतच राहिले. असा मुलगा त्यांनी पाहिला नसावा. मग ते म्हणाले, की जिना अरुंद आहे, माणसं लागतील. मी आमचं कपाट डोळ्यांसमोर आणलं आणि म्हटलं, चार पुरतील, फक्त दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभं करावं लागेल. ते पांढरेफटक पडले आणि 'मी बघतो' एवढंच बोलून खाली गेले.

किती मदत करणारी माणसं आहेत आपल्या इमारतीत, असं मी बायकोला कुजबुजून सांगितलं. ती म्हणाली, त्यांनी दोन वर्षांत टाकीचं झाकण बदललं नाही, त्यांना आज काय झालंय?

दहा मिनिटांत माझ्या साहेबांचा फोन आला. मी तो जिन्यात जाऊन घेतला. सेक्रेटरींनी आमच्या खात्याच्या चौकीदाराला कळवलं होतं आणि चौकीदाराने साहेबांना. ते मला अर्थातच ठाऊक नव्हतं. साहेब म्हणाले, "ऐकलं मी. तीन दिवस येऊ नका." मला वाटलं, सामान हलवायला देताहेत. मी भारावून म्हटलं, साहेब, तुम्हीसुद्धा एकदा येऊन बघून जा ना. मग ते दाटल्या आवाजात म्हणाले, "नाही हो. मला नाही बघवत असं काही."

माणसाला दुसऱ्याच्या घराचा हेवा वाटतो, पण तो इतक्या मोकळेपणाने कबूल करणारा साहेब मी पहिल्यांदाच पाहिला.

आता जिन्यावर पावलं वाजायला लागली. पहिल्या मजल्यावरचे, दुसऱ्या मजल्यावरचे, समोरच्या इमारतीतले, ज्यांच्याशी आमचं पार्किंगवरून भांडण होतं ते सुद्धा. एकेक जण येऊन माझा हात हातात घेऊन पुढे सरकत होता. मी प्रत्येकाला हळूच सांगत होतो, की आत जा, नीट बघा, घाई नाही. बाजार चढला, असं मला वाटलं. आणि तो माझ्या एका वाक्याने चढला! मनातल्या मनात मी घराचा भावसुद्धा जरा वर नेला.

सगळे मागच्या खोलीत कॉटभोवती गोळा झाले. पडदा फुगत होता, सुटत होता. सेक्रेटरींनी हात जोडले आणि दोन शब्द बोलायला सुरुवात केली. माउली होती, कुणाशी वाकडं बोलली नाही, पाण्याची मोटर चालू राहिली की खिडकीतून आवाज द्यायची. ड्रायव्हरच्या बायकोला वाटलं, हे घरमालकाच्या ओळखीचं कुणीतरी गेलेलं दिसतंय, म्हणून रीतीप्रमाणे तिनेही मान खाली घातली. मी दारात, गर्दीच्या मागे. मला वाटलं, सेक्रेटरी आईच्या निरोपाचं भाषण करताहेत. थोडी घाई होतेय, पण चांगलं बोलताहेत.

तेवढ्यात चादर हलली. ती हळूहळू बसती झाली. आतून जाड, झोपाळू आवाज आला.

"माझी पाळी आली का?"

लांब पल्ल्याच्या बसवर दोन ड्रायव्हर असतात आणि एकाने दुसऱ्याला उठवायचं असतं, हे त्याच्या बायकोने मागाहून सगळ्यांना समजावून सांगितलं. पण त्या क्षणी ते सांगायला कुणी थांबलंच नाही. पार्किंगवाले सगळ्यात पुढे होते, ते सगळ्यात आधी जिन्यात पोचले. सेक्रेटरी हात जोडलेल्या अवस्थेत माझ्या अंगावर येऊन पडले. हॉलमध्ये मुख्याध्यापिका दचकून जाग्या झाल्या आणि पूर्ण आवाजात 'रांगेत चला' म्हणाल्या. आणि खरं सांगतो, त्या आवाजाने पळणारी माणसं जिन्यात रांगेने थांबली.

मग स्वयंपाकघराच्या दारातून, काठी टेकत, मांडीवरची वाटाण्याची टरफलं झटकत आई आली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

शेवटी सेक्रेटरी, प्रामाणिक माणूस, मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही."

आईने सगळ्यांकडे पाहिलं. कॉटवर बसलेल्या ड्रायव्हरकडे, ओल्या रुमालांकडे, बाह्या सरसावून आलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या चार धिप्पाड माणसांकडे. मला वाटलं आता ती चिडणार. लोक इतके शरमले होते, की खोलीतली झुळूकसुद्धा थांबल्यासारखी झाली.

"हे चौघं मला खाली न्यायला आले होते?"

"हो," सेक्रेटरी म्हणाले.

"मग आलाच आहात तर न्या की."

मग चौघांपैकी एकाने स्वयंपाकघरातली हातांची खुर्ची आणली. बायकोने आईला शाल दिली, केस नीट केले. चौघांनी खुर्ची उचलली. मी पुढे, वळणावळणावर 'डावीकडे, जरा वर, सांभाळून' असं सांगत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभं करावं लागलं नाही. माझा अंदाज साडेचार इंचांनी चुकला होता.

प्रत्येक मजल्याच्या खिडकीतून उन्हाचा एक चौकोन जिन्यात पडला होता. आईची खुर्ची त्या चौकोनात शिरायची, ती डोळे मिटायची, मग सावलीत आली की उघडायची. तिन्ही मजल्यांवर तिने तसंच केलं. मी लहान असताना ती मला पाठीवर घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरायची, तेव्हा मीसुद्धा असंच करायचो. ते मला कितीतरी वर्षांनी आठवलं.

खाली पोचल्यावर चौघांनी विचारलं, आता कुठे? आई म्हणाली, पेरूकडे.

दोन गल्ल्या आम्ही तशाच गेलो. पुढे मी, मग खुर्ची, मागे पंधरा-वीस शेजारी. जाणारे-येणारे आदराने बाजूला होत होते. एका दुकानदाराने गल्ल्यावरून उठून हात जोडले, आणि आईने वरून त्याला मान लववून उत्तर दिलं. तो मटकन खालीच बसला. ड्रॉइंग मास्तर फाटकाशी आले, एवढी गर्दी बघून घाबरले, आणि सगळं ऐकल्यावर पेरूखाली सतरंजी घालायला धावले.

आईने सतरंजी नको म्हटलं. तिने चपला काढल्या आणि पाय मातीवर ठेवले. बोटं मातीत रोवून ती बसली. वर पानांची सळसळ चालली होती.

"ओली आहे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "तू काल कोरडी म्हणालास."

आम्ही परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आमच्या घरात फक्त तीन माणसं होती. माझी बायको, ड्रायव्हरची बायको आणि पुन्हा झोपलेला ड्रायव्हर. दोघी चहा पीत होत्या. बायकोने मला सांगितलं की घर गेलं. मी विचारलं, कुणाला, कसं, कितीला? मापं दाखवलीस का? ती म्हणाली, मापं कुणी विचारली नाहीत. यांचे मालक इतका कालवा होऊनसुद्धा परत झोपले, त्यावरून यांनी ठरवलं. मुख्याध्यापिकाबाई मात्र जाताना सांगून गेल्या होत्या, की घर उत्तम आहे, पण त्यात माणसं अचानक उठून बसतात, ते भावाला झेपणार नाही.

महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी मास्तरांच्या घराचे कागद झाले. टायरवाला दुसरीकडे गेला. दोन महिन्यांत आम्ही राहायला आलो. आता आई रोज सकाळी काठी टेकत स्वतः फाटकापर्यंत जाते.

एकच गोष्ट राहिली. साहेबांना खरं काय ते सांगायचं मी सोमवारीच ठरवलं होतं. पण त्यांनी तीन दिवस दिले होते, आणि बांधाबांध पुष्कळ होती, म्हणून म्हटलं गुरुवारी सांगू. गुरुवारी ते माझ्या टेबलाशी आले, माझा हात धरून त्यांच्या आईबद्दल अर्धा तास बोलले आणि रडले. त्यानंतर कोण सांगणार? मीही थोडा रडलो.

गेल्या आठवड्यात साहेब सकाळी फिरायला म्हणून आमच्या गल्लीतून गेले. फाटकाशी आई भाजी घेत होती. माझ्या दारावरची पाटी वाचून ते थांबले, माझे साहेब म्हणून ओळख दिली आणि त्यांनी विचारलं, आपण कोण? आईला सुट्टीचं सगळं प्रकरण मी कबूल केलेलंच होतं. ती पटकन म्हणाली, "मी मावशी त्याची. धाकटी."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, चेहऱ्यात साम्य असणारच, पण थोरल्या बाईंच्या मानाने तुम्ही किती तरतरीत आहात.

साहेबांनी आईला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. तरी आई तेव्हापासून आरशासमोरून दोनदा जाते. तिने त्यांना येत्या रविवारी बायकोसह चहाला बोलावलंय, आणि मला रोज संध्याकाळी समोर बसवून 'मावशी' म्हणायचा सराव करून घेते. कालपर्यंत मी चारदा चुकलो. आज सकाळी पहिल्यांदा बरोबर म्हणालो, तर तिने ओच दिली नाही. म्हणे, "मावशीला असं ओरडून हाक मारतात का? आईला मारतोस ते वेगळं."